लघुप्रबंधाचा विषय ठरवण्याआधी पुरावा कुठे आहे ते शोधा

एम.ए., एम.कॉम., एम.एस.डब्ल्यू.च्या मुलामुलींची विषय ठरवायची धावपळ सुरू झाली की एकच प्रश्न कानावर येतो, "सर, चांगला विषय सुचवा ना." माझं ठाम मत असं आहे की बहुतेक लघुप्रबंध लिहिताना फसत नाहीत, ते विषय ठरवतानाच फसलेले असतात. विषय मोठा असतो, महत्त्वाचाही असतो, पण त्याला लागणारी माहिती मिळवायची कुठून याचा विचार कुणी केलेला नसतो. मग चौथ्या सत्रात मार्च उजाडतो आणि गूगल फॉर्म व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरायला लागतो.

आधी त्या ठरलेल्या शीर्षकाबद्दल. "ठाणे जिल्ह्यातील महिलांच्या सक्षमीकरणात अमुकची भूमिका: एक अभ्यास." या साच्यातली शीर्षकं कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतील. "ठाणे जिल्हा" लिहिताना नेमका कुठला जिल्हा? १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या घरात दिसते, त्यात वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा सगळं धरलेलं आहे. हा आकडा उचलून आजच्या जिल्ह्याशी तुलना केली की पहिलाच तक्ता चुकतो. नवी मुंबईचं तर आणखी अवघड. सिडको म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ. तिची स्थापना १९७० ची, तिचं अधिसूचित क्षेत्र ९५ गावांचं, ठाणे, पनवेल आणि उरण अशा तीन तालुक्यांत पसरलेलं. नवी मुंबई महापालिका १९९२ ची, पण खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा तिच्यात नाहीत. ते २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत येतात आणि जिल्हा रायगड. त्यामुळे "नवी मुंबईतील" असं लिहिलं की परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार, सिडकोची नवी मुंबई की महापालिकेची? हद्द पहिल्या पानावर नकाशासकट लिहा, आणि तुमची प्रत्येक आकडेवारी त्याच हद्दीची आहे का ते तपासा. नसेल तर तसं टिपेत नोंदवा.

आता विषयाचा प्रश्न कसा करायचा, ते एका उदाहरणावर बघू. समजा एखादीला सार्वजनिक वाहतूक आणि कष्टकरी महिला यावर काम करायचंय. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, ११ स्थानकं, साधारण ११ किलोमीटर. तळोज्याकडून खारघरच्या सेक्टरांमध्ये घरकामाला येणाऱ्या बायका हा गट डोळ्यांसमोर आहे. लगेच मनात येणारा प्रश्न असा: मेट्रोमुळे त्यांच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? हा प्रश्न घेऊ नका. परिणाम मोजायचा तर मेट्रोच्या आधीची मोजणी हातात हवी, ती तुमच्याकडे नाही. "मेट्रो यायच्या आधी तुम्हाला किती वेळ लागायचा?" असं आज विचारलं तर उत्तर आठवणीतून येणार, आणि आठवणीतला त्रास वाढीव असू शकतो. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये भाडं कमी झालं, ४० रुपयांचं कमाल तिकीट ३० वर आलं. म्हणजे "मेट्रोनंतर" हा काळसुद्धा एकसंध नाही.

त्याऐवजी असं विचारा: मेट्रो हाकेच्या अंतरावर असताना कोण तिने जातं, कोण शेअर रिक्षा, बस किंवा पायीच जातं, आणि का? हे आज, जागेवर, डोळ्यांनी बघता येतं. घर ते स्थानक किती चालावं लागतं, स्थानक ते सोसायटीच्या गेटपर्यंत किती, पहिलं काम किती वाजता सुरू होतं, दिवसात किती घरं, ती एका सेक्टरात की तीन सेक्टरांत विखुरलेली. घरं विखुरलेली असली तर मेट्रोचा उपयोग एकाच फेरीपुरता, मधला प्रवास पायीच, असं निघू शकतं. निघेल की नाही ते पाहणी सांगेल, पण खरं-खोटं ठरवता येईल असा हा अंदाज आहे. गृहीतक म्हणतात ते हेच.

प्रश्नावलीत "तुम्ही साधारणपणे कामाला कशा जाता?" असं कधी लिहू नये. "साधारणपणे" म्हटलं की माणूस चांगलं दिसणारं उत्तर देतो. "काल सकाळी घरातून किती वाजता निघालात? आधी कशात बसलात? किती पैसे दिले? उतरल्यावर किती चाललात?" असं कालच्या दिवसाचं एकेक पाऊल विचारा. आणि "मेट्रो स्वस्त आणि सोयीची वाटते का?" यात दोन प्रश्न आहेत. स्वस्त वाटते पण सोयीची नाही, असं म्हणणारीने कुठे खूण करायची? प्रश्नावली आधी आठ-दहा जणींना विचारून बघा. ज्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच येतं किंवा जो दोनदा समजावून सांगावा लागतो, तो काढा नाहीतर बदला.

एक सवय लावून घ्या. माहिती गोळा करायच्या आधी प्रकरण चारमधले, म्हणजे विश्लेषणाच्या प्रकरणातले तक्ते रिकामे आखायचे. उभ्या रकान्यात प्रवासाची तीन साधनं, आडव्या ओळींत स्थानकापासूनच्या अंतराचे तीन गट, झाल्या तक्त्याच्या नऊ चौकटी. मुलाखती चाळीस घेणार असाल तर एका चौकटीत सरासरी चार-साडेचार जणी. काय-वर्ग (chi-square) चाचणी, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध योगायोगाचा आहे का ते तपासणारी, लावायची तर प्रत्येक चौकटीतली अपेक्षित संख्या निदान पाच असावी असा ढोबळ नियम आहे, तो इथेच मोडला. मग एकतर अंतराचे दोनच गट करा, नाहीतर चाचणीचा नाद सोडून मुलाखतींवर भर द्या. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. अहवाल लिहायला बसल्यावर हे लक्षात येणं मात्र वाईट, कारण तेव्हा पुन्हा तळोज्याला जायला वेळ उरलेला नसतो.

नमुन्याच्या आकड्यावरून बराच गोंधळ आहे. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक धरली की सूत्रातून ३८४ येतात. पुष्कळ जण हा आकडा डोळे झाकून लिहितात. पण हे सूत्र यादृच्छिक निवडीसाठी आहे, म्हणजे तुमच्याकडे सगळ्यांची यादी असून त्यातून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड केली असेल तरच. घरकाम करणाऱ्या बायकांची अशी यादी विद्यार्थ्याला कुठून मिळणार? ओळखीतून ओळख काढत, गेटवर थांबून ज्या भेटतील त्या घेतल्या तर तो सोयीचा नमुना. अशा नमुन्यात ३८४ काय आणि हजार काय, पूर्ण गटाबद्दल टक्केवारीने बोलायचा हक्क मिळत नाही. "सोयीनुसार निवडलेल्या ४० जणींच्या मुलाखती" असं सरळ लिहा. प्रामाणिक ४० हे उसन्या ३८४ पेक्षा कितीतरी वजनदार आहेत.

गुणात्मक मुलाखती म्हणजे सोपं काम असं समजू नका. तासाभराचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला चार ते सहा तास लागतात. वीस मुलाखती म्हणजे शंभर तासांच्या आसपास नुसतं ऐकणं आणि लिहिणं, त्यात आगरी बोली, हिंदी, मराठी मिसळलेली असली तर जास्तच. रोज तीन तास दिले तरी महिना जातो. म्हणून ज्या दिवशी मुलाखत, त्याच रात्री उतरवायला सुरुवात करायची. संमती विचारल्याशिवाय फोनचं रेकॉर्डिंग चालू करायचं नाही, आणि अहवालात नाव, सोसायटीचं नाव, इमारत काहीही ओळख पटेल असं येऊ द्यायचं नाही. त्या बाईची नोकरी तुमच्या परिशिष्टापेक्षा मोठी आहे.

सरकारी आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्या महिन्यात टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. "मेट्रोबद्दल सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं तर हाती काही लागत नाही. "अमुक ते अमुक महिन्यांतील स्थानकनिहाय, महिनानिहाय प्रवासीसंख्या" असं मागा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर पहिलं अपील, म्हणजे आणखी महिना-दीड महिना. त्याआधी त्या कार्यालयाने कलम ४ खाली स्वतःहून काय जाहीर केलंय ते संकेतस्थळावर बघून घ्या, निम्मं काम तिथेच होऊ शकतं. शाळा किंवा रुग्णालयात पाहणी करायची तर परवानगीचं पत्र आधी. कॉलेजच्या लेटरहेडवर, मार्गदर्शकांच्या सहीने, दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. शाळांमध्ये फेब्रुवारी-मार्चला परीक्षा आणि मेमध्ये सुट्टी, हे लक्षात न घेता आखलेले किती तरी अभ्यास एप्रिलमध्ये अडकतात. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर काम करायचं असेल तर त्यांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते मे. जुलैत आराखडा मंजूर करून ऑगस्टमध्ये पक्षी मोजायला निघता येत नाही.

राज्यातल्या नव्या पदव्युत्तर रचनेचा इथे फायदा करून घ्यायला हवा. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा पेपर असतो, दुसऱ्यात कार्यानुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाला ४ श्रेयांक (क्रेडिट), चौथ्यात ६. क्षेत्रीय प्रकल्प कुठेतरी उरकून टाकू नका. ज्या वस्तीत, ज्या बाजारात, ज्या कार्यालयात पुढे लघुप्रबंधाचं काम करायचंय, तिथेच तो करा. ओळखी होतात, कुठली कागदपत्रं कोणत्या टेबलावर असतात ते कळतं, आणि विषय जमण्यासारखा नसेल तर वर्षभर आधी समजतं.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडं वेगळं. ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८२ चं, त्याच्या प्रती स्कॅन केलेल्या मिळतात. पण तेव्हाच्या जिल्ह्यात साष्टी, म्हणजे आजची मुंबईची उपनगरं ज्यात येतात तो भागही होता, तेव्हा तिथले आकडे आजच्या ठाण्याला जसेच्या तसे चिकटवू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, जुन्या मराठी छापील साहित्यासाठी आधी तिथे जा, मग मुंबईला पुराभिलेखागारात. मोडी वाचता येत नसेल तर मोडी दफ्तरावर आधारलेला विषय घेऊ नका. लिपी शिकायला लागणारे महिने एम.ए.च्या वेळापत्रकात बसत नाहीत, पीएच.डी.साठी राखून ठेवा.

पूर्वीचं संशोधन बघताना शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर जा, पण प्रबंध पहिल्या पानापासून वाचत बसू नका. शेवटचं प्रकरण आधी उघडा, "पुढील संशोधनासाठी दिशा" तिथे असतात. मग पद्धतीचं प्रकरण, मग संदर्भसूची. शोधशब्द मराठी आणि इंग्रजी दोन्हींत द्या, कारण "घरकामगार", "मोलकरीण" आणि त्यांचे इंग्रजी पर्याय वेगवेगळं साहित्य बाहेर काढतात. वाचलेल्या प्रत्येक लेखाची एक ओळ तक्त्यात: लेखक, वर्ष, प्रश्न, जागा, नमुना, पद्धत, काय सापडलं, काय राहिलं, आणि पान क्रमांक. पंचवीस-तीस ओळी झाल्या की शेवटचे दोन रकाने वरपासून खाली वाचा, आपली जागा तिथे दिसते. चॅटजीपीटीने दिलेला एकही संदर्भ मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. अस्तित्वात नसलेली पुस्तकं ते अगदी खऱ्यासारखी सांगतं.

मार्गदर्शकांकडे जाताना "विषय द्या" म्हणून जाऊ नका. एका कागदावर तीन प्रश्न न्या, प्रत्येकाखाली कोण, कुठे, कुठली माहिती, ती कशी मिळणार आणि काय अडू शकतं एवढं चार-पाच ओळींत. त्यातला एक सर किंवा मॅडम लगेच खोडतील, दुसऱ्यावर "बघू" म्हणतील, तिसऱ्यावर बोलणं सुरू होईल. त्यांनी आपल्या आवडीचा विषय सुचवला तरी हरकत नाही, पण होकार द्यायच्या आधी पंधरा दिवस मागून घ्या. तेवढ्यात जागेवर दोन-तीन फेऱ्या, चार माणसांशी बोलणं, दहा लेख आणि ते रिकामे तक्ते एवढं होतं. पंधरा दिवसांत एकही माणूस बोलायला तयार झाला नाही किंवा एकही कागद मिळाला नाही, तर विषय तेव्हाच बदला. मंजुरीनंतर बदलायचा म्हणजे नवा अर्ज, नवी मंजुरी, आणि गेलेले आठवडे.

शीर्षक सगळ्यात शेवटी पक्कं करा. आणि वाङ्मयचौर्याच्या तपासणीला शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. दुसऱ्याचं इंग्रजी मराठीत उतरवून श्रेय न देणं सॉफ्टवेअरला कदाचित दिसणार नाही, पण तीही चोरीच, आणि तोंडी परीक्षेत एका प्रश्नात उघडी पडते. साम्याचा अहवाल बाइंडिंगला देण्याच्या निदान तीन आठवडे आधी काढून घ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकरणातले, पूर्वीच्या संशोधनाच्या आढाव्यातले परिच्छेद स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायला वेळ मिळेल. सर्वाधिक साम्य तिथेच निघतं.