रिवाइंडिंगवाल्यांच्या संघटनेने शिकवण्याचे पैसे घ्यावेत का?

मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरमध्ये नवी तार भरणं) आणि पंप दुरुस्तीवाल्यांच्या संघटनेत हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, सेमिनार फुकट ठेवला तर कोणी किंमत करत नाही. दुसरा म्हणतो, मग वर्गणी कशाची घेता? मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. सभासदाकडून शिकवण्याची वेगळी फी घेऊ नये. मात्र कंपनीच्या पैशाने होणाऱ्या 'फुकट' सेमिनारला मी शिक्षण म्हणायला तयार नाही.

तो कसा असतो ते जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही कारागिराला विचारा. एसी हॉल, प्रोजेक्टर, इंग्रजी स्लाइड, दोन तास कंपनीचं कौतुक. शेवटच्या दहा मिनिटांत "काही शंका?" आणि तेवढ्यात मागे भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा वास सुटलेला. शंका कोण विचारणार! पिशवी, टोपी, पेन घेऊन माणसं गाडीला लागतात. जेवणाबद्दल तक्रार नाही. पण त्या हॉलमध्ये एकही जळालेला स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा, तारेच्या कॉइल भरलेला भाग, नसतो.

वर्ग घ्यायचा तर टेबलावर आधी तोच ठेवा. मोटर जळून आली की आपल्याकडे पहिलं काम कॉइल तोडायचं. तोडण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघितलं तर मोटर का जळाली ते वाइंडिंगच, म्हणजे भरलेल्या कॉइलच सांगतात. स्टार जोडणीची मोटर (तिन्ही फेजच्या कॉइलची एकेक टोकं एकत्र जोडलेली) एक फेज गेल्यावर चालत राहिली, तर दोन फेजच्या कॉइल काळ्या पडतात आणि तिसरी कोरी राहते, कारण तिच्यातून करंटच गेलेला नसतो. डेल्टा (कॉइल टोकाला टोक जोडून त्रिकोणात) असेल तर उलट: एकाच फेजच्या कॉइल जळतात, बाकी दोन बऱ्या असतात. सगळं वाइंडिंग सारखं भाजलं असेल तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा जाम झालेला पंप. एखाद्याच कॉइलला भोक पडलं असेल तर टर्न शॉर्ट, म्हणजे शेजारचे वेढे एकमेकांना चिकटले; भरतानाच तारेचं इनॅमल (वरचा लेप) खरवडलेलं असू शकतं. पाणी भरलेल्या सबमर्सिबलमध्ये काळेपणा दिसत नाही, तिथे तारेवरचं प्लास्टिक वितळतं, पण जळण्याचा नमुना हाच.

हे ज्याला वाचता येतं तो शेतकऱ्याला सांगू शकतो, "मोटर भरून देतो, पण आधी डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज आणि स्टार्टरचे पॉइंट बघा." ज्याला येत नाही तो मोटर भरून देतो, ती पंधरा दिवसांत परत जळते, आणि दोष वाइंडिंगवर येतो.

दुसरी वस्तू म्हणजे स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर स्टारमध्ये सुरू करून डेल्टात चालवणारा. इथली चूक तर घराघरात आहे. मोटरच्या प्लेटवर 16 अँपिअर लिहिलेत म्हणून ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) 16 वर लावला जातो. रिले थेट लाइनमध्ये असेल तर ते बरोबर. पण बहुतेक स्टार्टरमध्ये तो वाइंडिंगच्या फेजमध्ये असतो, आणि तिथून लाइनच्या 0.58 पटच करंट जातो. म्हणून सेटिंग 16 गुणिले 0.58, म्हणजे 9.3 च्या आसपास हवं. ते 16 वर ठेवलं तर मोटर लाइनमधून 27 अँपिअरच्या पुढे जाईपर्यंत रिलेला पत्ताच लागत नाही. तोवर वाइंडिंगचा कोळसा. ही गोष्ट फळ्यावर सांगून डोक्यात शिरत नाही. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा) एकदा लाइनवर आणि एकदा फेजच्या वायरवर लावून दोन आकडे दाखवले की पुन्हा सांगावी लागत नाही.

वार्निशवर फार बोलत नाही. ब्रशने वरून फासणं म्हणजे वार्निश करणं नव्हे. वाइंडिंग आधी तापवा, बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा, निथळू द्या, मग भट्टी. मे महिन्यात भुसावळचं ऊन कितीही कडक असलं तरी बेकिंग वार्निशला पुरत नाही, त्याला 120-130 अंश लागतात.

फुकट शिकवण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र सोलर आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतले पंप शेतात उभे राहताहेत, त्यांना पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. ती संपली की हे पंप आपल्याच दुकानांत येणार. त्या दिवशी कारागिराला डीसी, म्हणजे पॅनेलमधून येणारी एकाच दिशेने वाहणारी वीज, माहीत नसेल तर धंदा जाईल, कदाचित जीवही. उन्हात पॅनेल असलं की कंट्रोलर बंद केला तरी पॅनेलच्या वायरीत व्होल्टेज राहतं. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी पडून विझत नाही, आर्क ओढली जाते. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलची लाइन तोडायचा स्विच), मग कनेक्टर. आतले कपॅसिटर उतरायला कंट्रोलरवर लिहिलेला वेळ द्या आणि मीटर लावून खात्री केल्याशिवाय झाकण उघडू नका. आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचा तर मोटरची केबल कंट्रोलरमधून सोडवूनच. केबल जोडलेली ठेवून 500 व्होल्टचा मेगर मारला की मोटर चांगली निघते आणि कंट्रोलर जातो.

आता पैशाचं. समजा 200 सभासद आणि 1,000 रुपये वर्गणी, म्हणजे 2 लाख. 20 जणांच्या एक दिवसाच्या वर्गाला हॉल, साधं जेवण, तार, स्लॉट पेपर (कॉइलखाली घालायचा इन्सुलेशनचा कागद) आणि शिकवणाऱ्याचं मानधन धरून 15 हजार पुरावेत. जळके स्टेटर तर भंगारात पडलेलेच आहेत. असे दहा वर्ग घेतले तर सगळे सभासद होतात आणि 50 हजार उरतात. शाल-श्रीफळ त्यातून करा.

नाव लिहून न येणाऱ्यांचा इलाज फी नाही, अनामत आहे. 500 रुपये आधी घ्या, संध्याकाळी वर्ग सुटताना परत द्या. आला नाही त्याचे जमा. फी लावली तर शहरातला मोठा दुकानवाला येईल आणि ज्याला खरी गरज आहे तो धडगावचा, बोदवडचा एकटा कारागीर घरी राहील.

बोलावणं मालकाच्या नावाने जातं, मोटर मात्र कारागीर भरतो. तेव्हा एका सभासदामागे एक कारागीर फुकट बसू द्या. "शिकला की समोर दुकान टाकतो" ही भीती खोटी नाही. पण ज्याला दुकान टाकायचं आहे तो न शिकताही टाकतोच, आणि मग हवी त्यापेक्षा बारीक तार भरून भाव पाडतो. त्यापेक्षा शिकलेला शेजारी परवडला.

शिकवणारा अहिराणीत "समजनं का भो?" विचारणारा असला तर माणसं शंका काढतात. वर्ग सगळे जळगावातच नकोत, अक्कलकुव्याच्या माणसाचा येण्याजाण्यातच दिवस मोडतो. शहादा, शिरपूर, चोपडा, रावेर असे फिरते ठेवा. आणि तारीख आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास तर मुळीच नको, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. श्रावणात घ्या. विहिरी भरलेल्या, मोटरी बंद, आणि कारागीर रिकामा.