एकूण विक्री उणे का आली: पावसच्या आंबा व्यापाऱ्यांच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुम्ही आमच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला एकच तारा देऊन लिहिलंत की हापूसचा सिझन संपल्यावर एकूण विक्री काढली, तर उणे 2,14,19,672 रुपये 96 पैसे आली, आणि फोन केला तर आमच्याकडून 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस असेल' असं उत्तर मिळालं. व्हायरस नव्हता. चूक आमच्या प्रोग्रॅमची होती आणि काही न तपासता तसं बोलणं त्याहून वाईट. मनापासून माफी मागतो.

आमचे सगळे हिशेब पैशांत साठवलेले असतात. मे महिन्यात पट्ट्या (बागायतदारांची विक्रीची बिलं) वाढल्या की बेरीज रेंगाळते, म्हणून यंदा एकेक पट्टी मिळवत जाणारा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला जुना कोड काढून नमपाय या तिच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या आकड्यांच्या रांगेवर, म्हणजे अ‍ॅरेवर एका दमात बेरीज करायला लावली. साध्या पायथनमध्ये पूर्णांक हवा तेवढा वाढतो. नमपायमध्ये त्याला ठरावीक बिटं (0 किंवा 1 मावणारी घरं) मिळतात, आणि बेरीज त्यात मावली नाही तरी ते गप्प राहतं. प्रत्येक पायरीला तपासत बसलं तर वेग जातो. 2024 साली आलेल्या 2.0 च्या आधीच्या नमपायमध्ये विंडोजवर हा पूर्णांक मुळात 32 बिटांचा असे, 64 बिटांच्या लिनक्सवर 64 चा. आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात लिनक्स, तुमच्या वखारीत विंडोज. त्यामुळे आमच्याकडे चूक दिसेचना.

32 बिटांत 2,14,74,836 रुपये 47 पैशांपर्यंतच मावतं. त्यापुढे आकडा उलटून उणेत जातो. तुमच्या उणे आकड्यात 4,29,49,672 रुपये 96 पैसे मिळवून बघा, बरोबर 2,15,30,000 येतील. काल फोनवर तुम्ही वहीतली हीच रक्कम सांगितलीत. मला खरी धास्ती वेगळीच वाटली: विक्री 4 कोटी 30 लाख असती तर स्क्रीनवर 50,327 रुपये 4 पैसे दिसले असते, उणे चिन्हाशिवाय.

बागायतदारांच्या पट्ट्या बरोबर आहेत. कुणा एकाची रक्कम त्या मर्यादेजवळही गेलेली नाही, त्यामुळे तुम्ही चुकते केलेले पैसे पुन्हा मोजायची गरज नाही. बेरीज आता सगळीकडे 64 बिटांतच होते, आणि प्रत्येक आवृत्ती विंडोजवर 5 कोटींच्या नमुना पट्ट्या घालून तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही.

शनिवारी मी स्वतः पावसला येतो. वही काढून ठेवा, नवी आवृत्ती टाकून सगळा सिझन तुमच्यासमोर ताडून देतो.