स्वीकारा की नाकारा

नानांना एका वेबसाइटवरची आले लागवडीची माहिती कागदावर हवी होती. मोबाइलवर त्यांचे डोळे दुखतात. घरात कॉम्प्युटरचं काम करणारा मुलगा असल्यावर एवढं तर व्हायलाच हवं, नाही का?

ब्राउझरमधून छापणं मला कमीपणाचं वाटतं. मी काळी खिडकी उघडून कमांड मारणारा माणूस. आधी आपलं जुनं डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ, म्हणजे वेबपानाची पीडीएफ करून देणारा प्रोग्राम. त्याच्या पोटातलं वेबकिट, म्हणजे पान रचणारं इंजिन, इतकं जुनाट की नव्या मांडणीचं पान दिलं की सगळे रकाने एकाखाली एक रचून मोकळं होतं. 2023 च्या जानेवारीत करणाऱ्यांनीच त्या प्रकल्पाला कुलूप लावलं. मग क्रोम. 2017 पासून ते खिडकी न उघडताच पीडीएफ करून देतं, फक्त काही सांगितलं नाही तर कागद अमेरिकेतला धरतं. आपल्या ए-फोरपेक्षा 6 मिलिमीटर रुंद, 18 मिलिमीटर आखूड. साताऱ्यात तो कागद कुणाच्या बापानं पाहिलाय?

तेही निस्तरलं आणि पेन ड्राइव्ह घेऊन पोवई नाक्यावर झेरॉक्सला गेलो. शेजारी सातबारा धरून एक काका उभे. मशिनमधून पहिलं पान पडलं आणि त्यांनी ते माझ्याआधी उचललं.

"काय वो, ह्यो कसला अर्ज?"

"अर्ज नाही काका. आल्याची माहिती आहे."

"मग खाली हे 'स्वीकारा, नाकारा' काय लिवलंय?"

कुकीजची पट्टी, साइट उघडली की परवानगी मागते ती. पडद्याच्या तळाला चिकटवलेली वस्तू कागदावर दर पानावर पुन्हा छापायची, असा नियमच आहे. ती काढायला क्रोमच्या साध्या कमांडमध्ये सोय नाही, वेगळा प्रोग्राम लिहावा लागतो. हे मी काकांना सांगितलं. का सांगितलं, देव जाणे.

"म्हंजे परत्येक पानावर सही लागनार." काकांनी खिशातलं पेन काढलं. "सही नगं. नाकाऱ्यावर टिक मारू. उगा कशात अडकायला नगं." आणि खरोखर एकेका पानावर टिका मारत सुटले! मी हात धरणार, तर म्हणाले, "हे बघा, खताच्या तक्त्यात किलोचा रकानाच न्हाय. आलं काय अंदाजानं लावायचं?"

रकाना खरंच नव्हता. मोबाइलवर तो तक्ता बोटानं सरकवायचा असतो. कागदावर काय सरकवणार? साइट बनवणाऱ्यांना छपाईसाठी चार ओळींची वेगळी शैली लिहिता येते. लिहीत नाहीत. शेतकरी कागद घेऊन बांधावर उभा राहतो, हे त्यांच्या गावीच नसतं. ही चार ओळींची गोष्ट आहे हो, चारच!

काकांनी मग पाठकोऱ्या बाजूला शेणखतापासून सगळा हिशेब स्वतः लिहून दिला. तो छापील माहितीशी कुठंच जुळत नव्हता.

"किती झाले?" मी दुकानदाराला विचारलं.

त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी दचकलो. "अहो, सगळी काळी-पांढरी पानं आहेत."

"पट्टी निळी हाय की," तो म्हणाला. "रंगीतचा दर पडतो."