घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे

ठाण्यातल्या दिवा, मुंब्रा, कळव्यापासून पलीकडे नवी मुंबईतल्या दिघा, घणसोलीपर्यंत एक मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. पालिकेने घरपट्टी लावली म्हणजे बांधकाम मान्य केलं. नळजोडणी आणि वीज मीटर मिळाला म्हणजे घर अधिकृत झालं. १२ वर्षांच्या पावत्या असतील तर घराला कोणी हात लावू शकत नाही. आणि काही राहिलंच तर महासभेत, म्हणजे नगरसेवकांच्या सभेत, ठराव करून सगळं नियमित होतं. घर दाखवायला नेणारे दलालही हेच ऐकवतात आणि पुरावा म्हणून घरपट्टीचं बिल पुढे करतात. यातला एकही मुद्दा खरा नाही. त्यावर भिस्त ठेवून लोक गावची जमीन विकून, दागिने मोडून घरं घेतात, म्हणून उत्तर मुद्द्यागणिक द्यायला हवं.

आधी घरपट्टी. कर लावायला जो माणूस येतो तो कर विभागाचा निरीक्षक असतो. तो खोल्यांची मापं घेतो, बांधकाम आरसीसी आहे की पत्र्याचं ते लिहितो, वापर राहण्याचा आहे की दुकानाचा ते पाहतो, कोण राहतं आणि कधीपासून राहतं ते विचारतो. त्या भागाच्या ठरलेल्या दराने वार्षिक भाडं काढलं जातं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होतात आणि उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर सामान्य कर, मलनिस्सारण, वृक्ष, शिक्षण अशा करांचे टक्के लागतात. या सगळ्या कामात नकाशा मंजूर आहे का, चटई क्षेत्र (भूखंडावर किती बांधता येतं त्याची मर्यादा) किती वापरलं, इमारतीभोवती अग्निशमन बंब फिरेल एवढी जागा सोडली का, खांबांत सळई किती, हे तपासलंच जात नाही. ते तपासणारा विभाग वेगळा: ठाण्यात शहर विकास विभाग, नवी मुंबईत नगररचना विभाग. कर विभागाला परवानगी देण्याचा अधिकार नाही. मग त्याच्या पावतीतून परवानगी कुठून येणार?

बिलावर नाव असलं तरी त्याने मालकी सिद्ध होत नाही. कर कोणाकडून वसूल करायचा, एवढ्यापुरतं ते नाव असतं. मालकाचा पत्ता लागला नाही तर नुसतं ‘धारक’ लिहूनही आकारणी करता येते, तशी कायद्यातच सोय आहे.

आता या दाव्याचा पायाच काढून घेणारं कलम. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली चालतात. त्यातलं कलम २६७अ सांगतं की विनापरवाना बांधकाम जोवर तसंच आहे तोवर त्यावर दर वर्षी मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लागू शकतो. म्हणजे कर ४,००० रुपये असेल तर शास्ती ८,००० पर्यंत, एकूण १२,००० पर्यंत. शासनाने पुढे लहान निवासी घरांना या शास्तीत सवलत दिली, पण ती सवलत पैशांची आहे, बांधकामाची नव्हे. आणि त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे की हा कर आणि ही शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित झालं असा अर्थ कोणत्याही कालावधीसाठी काढता येणार नाही. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यातही कलम १८९अ मध्ये हीच तरतूद आहे, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरकडेही उत्तर तेच.

म्हणून दलाल बिल दाखवेल तेव्हा फक्त नाव आणि रक्कम पाहू नका. करांची यादी खालपर्यंत वाचा. अवैध बांधकामाची शास्ती म्हणून ओळ दिसली तर जो कागद घर अधिकृत असल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातोय, तोच पालिकेने बांधकाम बेकायदा धरल्याचा पुरावा आहे. ही शास्ती आणि उशिरा भरल्याबद्दल दरमहा लागणारी २ टक्के शास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारा पहिलीला दुसरी म्हणून खपवतो. आणि ओळ नसली म्हणून निर्धास्त होऊ नका. सवलतीमुळे किंवा कर विभागाकडे माहितीच न पोचल्यामुळेही ती नसते.

मग बेकायदा म्हणता तर कर घेता कशाला, हा प्रश्न रास्त आहे. कर इमारतीच्या वापरावर आहे. तिथल्या माणसांचा कचरा उचलावा लागतो, सांडपाणी वाहून न्यावं लागतं, दिवे लावावे लागतात. परवानगी नाही म्हणून कर माफ केला तर नियमाने बांधणाऱ्याने भरायचं आणि नियम मोडणाऱ्याने फुकट राहायचं, असं होईल. पालिकेची खरी चूक कर घेण्यात नाही, त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. नवी इमारत उभी राहिल्याचं कर विभागाला आकारणीच्या वेळीच कळतं. ती यादी त्याच दिवशी प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांकडे आणि शहर विकास विभागाकडे गेली पाहिजे. ती जात नाही, किंवा जाऊन पडून राहते, आणि तोवर इमारतीचे सगळे मजले विकून होतात. राग धरायचा असेल तर या ढिलाईचा धरावा.

दिघ्याचं उदाहरण बोलकं आहे. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचे आदेश दिले. जमीन एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आणि सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) यांची होती. एमआयडीसीच्या क्षेत्रात बांधकाम परवानगी देणारी संस्था एमआयडीसीच असते, तर कराची बिलं काढते महापालिका. म्हणजे कर घेणारा आणि परवानगी देणारा अनेकदा एका छताखालीही नसतात. रहिवाशांकडच्या वीजबिलांनी आणि पावत्यांनी ते आदेश अडले नाहीत.

वीज आणि पाण्याचं थोडक्यात. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारा), दोघांपैकी कोणीही अर्ज केला तरी वीजपुरवठा द्यावा लागतो. त्यामुळे भाडेकरूच्या नावेही मीटर लागतो. मीटरवरून तिथे कोण वीज वापरतं एवढंच कळतं. नळजोडणीचंही तसंच. आता तेवढंही सोपं राहणार नाही: १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीज, पाणी, मलनिस्सारणाच्या जोडण्या पूर्णत्वाचं किंवा भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला) पाहूनच द्याव्यात, आणि बँकांनीही ते प्रमाणपत्र पडताळूनच इमारतीवर कर्ज द्यावं.

‘१२ वर्षं झाली की हात लावता येत नाही’ हा मुद्दा दोन वेगळ्या कायद्यांची खिचडी आहे. १२ वर्षं ही मुदत खासगी जमिनीचा ताबा परत मागण्याच्या दाव्याची आहे. सरकारी जमिनीसाठी तीच ३० वर्षं आहे. यातून जास्तीत जास्त जमीन कोणाची हा वाद सुटेल. इमारतीला परवानगी होती का, या प्रश्नाला ती मुदत लागत नाही. स्वतःच्या सातबाऱ्यावर बांधलं तरी परवानगी लागतेच, मग ताब्याच्या जोरावर ती कशी माफ होईल? वर सांगितलेल्या २०२४ च्या निकालात हेही आहे की कारवाईला झालेला उशीर, अधिकाऱ्यांची हलगर्जी आणि बांधकामावर झालेला खर्च बेकायदा बांधकामाची ढाल होऊ शकत नाहीत. काही जण १ जानेवारी २००० ही तारीख पुढे करतात. ती झोपडपट्टीतल्या संरक्षित झोपड्यांची आहे, सात मजली इमारतीची नव्हे.

महासभेच्या ठरावाबद्दल फार मोठा गैरसमज आहे. महासभा रस्त्यांना नावं देते, अंदाजपत्रक मंजूर करते, करांचे दर ठरवते. बांधकाम नियमित करण्याचा कायदा ती करू शकत नाही. तो विधिमंडळाचा विषय, आणि विधिमंडळाने केलेल्या कायद्यांनाही अटी आहेत. प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात २०१७ मध्ये आलेलं कलम ५२अ ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी आहे. त्यात रीतसर अर्ज, शुल्क आणि छाननी आहे, आणि वनजमीन, सागरी किनारा नियमन क्षेत्र, धोकादायक इमारती वगळलेल्या आहेत. नवी मुंबईच्या ९५ गावांतल्या प्रकल्पग्रस्तांच्या गरजेपोटी बांधलेल्या घरांसाठीचे शासन निर्णय वेगळे. तिथेही कसोटी प्रकल्पग्रस्त असण्याची आणि जमिनीची आहे, घरपट्टीची नाही.

नगरसेवक ‘मी बघतो’ म्हणतात तेव्हा त्यांच्या स्वतःवरचं बंधन लक्षात ठेवावं. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १०(१ड) नुसार नगरसेवकाने बेकायदा बांधकाम केलं, त्याला मदत केली किंवा ते पाडताना लेखी पत्राने वा प्रत्यक्ष अडथळा आणला तर त्याचं पद जाऊ शकतं. म्हणूनच तोंडी आश्वासन भरपूर मिळतं आणि लेखी कधीच मिळत नाही.

नोंदणी झाली, मुद्रांक शुल्क भरलं, हेही ऐकवलं जातं. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, इमारत तपासत नाही. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेरा प्राधिकरणाचा क्रमांकही एकटा पुरेसा नाही: कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवली गेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले.

मग पाहायचं काय? बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी. त्यावरचा सर्वे क्रमांक आणि हिस्सा सातबाऱ्याशी जुळतो का ते पाहा. सीसी कुठपर्यंत आहे ते वाचा: अनेकदा ती फक्त जोत्यापर्यंतची असते, किंवा तळ अधिक चार मजल्यांची असते आणि प्रत्यक्षात सात उभे असतात. तुमचा फ्लॅट पाचव्यावर असेल तर खालचे चार अधिकृत असून तुम्हाला उपयोग नाही. सीसीची मुदत एक वर्षाची, ती वाढवून जास्तीत जास्त चार वर्षं होते. मधली मुदतवाढ आहे का ते विचारा. मग भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. भाग ओसी (इमारतीच्या काही भागापुरती) असेल तर त्यात तुमचा मजला येतो का ते बघा.

झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, डोंबिवलीत परवानग्याच बनावट होत्या. शहर विकास किंवा नगररचना विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. म्हणून पहिल्या अर्जात गाव, सर्वे क्रमांक, हिस्सा लिहून सीसी, मंजूर नकाशा आणि ओसीच्या साक्षांकित प्रती मागा. दुसरा अर्ज प्रभाग समिती कार्यालयाकडे करा: या इमारतीस महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६०, २६७ किंवा नगररचना कायद्याच्या कलम ५२, ५३ खाली दिलेल्या नोटिसा आणि आदेश. ‘इमारत अधिकृत आहे का’ असा प्रश्न टाकू नका. मत मागितलं म्हणून अर्ज परत येतो. प्रती मागितल्या की एकतर कागद मिळतो किंवा ‘अभिलेखात आढळत नाही’ असं लेखी उत्तर मिळतं, आणि तेच तुमचं उत्तर. मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. बयाणा याआधी देऊ नका.

जे आधीच अशा इमारतीत राहतात त्यांना हल्ली उलटा सल्ला मिळतो: घर बेकायदाच ठरवलंय तर कर भरणं बंद करा. असं करू नका. दरमहा २ टक्क्यांनी थकबाकी फुगते, जप्तीची कारवाई मागे लागते आणि न्यायालयात बाजू अजून दुबळी होते. पावत्या जपून ठेवा; त्या परवानगी देत नसल्या तरी त्या वर्षी तिथे इमारत होती आणि तुम्ही राहत होता, एवढं त्या दाखवतात, आणि नियमितीकरणाच्या अर्जात ती तारीख लागते.

दारावर नोटीस चिकटली तर ती फाडू नका, बिल्डरकडे देऊन विसरूही नका. फोटो काढा. कलम कोणतं, तारीख कोणती, सही कोणाची, उत्तराची मुदत किती हे वहीत उतरवून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस उत्तराला आणि अंतिम आदेशानंतर आणखी १५ दिवस मिळायला हवेत. मात्र रस्ता, पदपथ, नाला, रेल्वेची जागा यांवरची बांधकामं आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेल्या इमारती यांना हे लागू नाही. उत्तर लेखीच द्या, प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या, सुनावणीला हजर राहा. बांधकाम नियमात बसण्यासारखं असेल तर त्याच मुदतीत परवानाधारक वास्तुविशारदामार्फत ते कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी जमिनीची मालकी किंवा मालकाची संमती, जागेवरच्या मापांचा नकाशा आणि संरचना अभियंत्याचा दाखला लागतो. अर्ज अडतात ते बहुतेक तीन जागी: जमीनमालक सही देत नाही, चटई क्षेत्र संपलेलं असतं, किंवा इमारत विकास आराखड्यातल्या रस्त्यावर वा आरक्षणावर येते. या तीनपैकी काय अडतंय ते आधी वास्तुविशारदाकडून लेखी घ्या आणि मगच शुल्काचे पैसे काढा.