चिठ्ठीशिवाय मिळालेले औषध निर्धोक असते का?

‘मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधे सौम्य असतात, मुलांनी ती जास्त घेतली तरी फार तर झोप येते, आणि दुसऱ्या दिवशी मूल ठीक दिसले तर काळजीचे कारण नाही,’ अशा आशयाचा दिलासा पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत असतो. त्यातील एकही विधान तपासणीत टिकत नाही.

दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, म्हणजे कायद्यालाही ती नको आहे, असे होत नाही. खोकल्याच्या काही औषधांत असणारे कोडीन हे द्रव्य १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या सरकारी यादीत आहे. ते असलेले खोकल्याचे औषध विकताना चिठ्ठी पाहणे, डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव स्वतंत्र नोंदवहीत लिहिणे आणि ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. शरीरात गेल्यावर कोडीनचा काही भाग मॉर्फिन या तीव्र अफूजन्य द्रव्यात बदलतो आणि मात्रा वाढल्यास श्वास मंदावतो. अशी बाटली शाळकरी मुलाला सहज मिळाली, तर त्यावरून दुकानाची बेफिकिरी तेवढी सिद्ध होते, औषधाची सौम्यता नव्हे.

‘फार तर झोप येते’ हेही खरे नाही. अॅलर्जी आणि सर्दीवरील डायफेनहायड्रामिन अतिमात्रेत घेतल्यास भ्रम होतो, झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. हेच द्रव्य असलेले बेनाड्रिल मुद्दाम जास्त मात्रेत घेण्याच्या टिकटॉकवरील ‘बेनाड्रिल चॅलेंज’मुळे किशोरवयीन मुले रुग्णालयात पोहोचल्याच्या आणि दगावल्याच्या बातम्यांनंतर सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता. भारतात टिकटॉकवर त्याआधीच बंदी आली होती. अशी आव्हाने मात्र एका ॲपपुरती थांबत नाहीत.

‘दुसऱ्या दिवशी मूल ठीक दिसले तर काळजी नाही’ हा तिसरा भाग सर्वांत घातक आहे. पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा निरोगी प्रौढासाठीही दिवसाला ४ ग्रॅम आहे, आणि तापाच्या गोळीबरोबर सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असल्याने ती नकळत ओलांडली जाऊ शकते. त्यातून तयार होणाऱ्या विषारी द्रव्याला एरवी यकृतातील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य निष्प्रभ करते. अतिमात्रेत तो साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. तरीही पहिल्या २४ तासांत थोडी मळमळ होते किंवा काहीच जाणवत नाही, मूल जेवते, कधी शाळेतही जाते, आणि गंभीर लक्षणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघड होतात. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सर्वाधिक उपयोगी पडतो. म्हणजे ज्या काळात हा संदेश पालकांना निश्चिंत राहायला सांगतो, नेमका तोच काळ उपचाराचा असतो.

‘हे बिघडलेल्या मुलांचे उद्योग’ अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. वास्तविक गोळ्या घरच्याच कपाटातल्या असू शकतात आणि कारण परीक्षेचा ताण किंवा जीव नकोसा होणे हेही असू शकते. अशा वेळी रागावण्यात वेळ न दवडता, उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, रिकामी पाकिटे किंवा बाटली घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. मुलाच्या मनःस्थितीविषयी बोलण्यासाठी ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.