पंधरा पराभव पत्करले आणि पहिली निवडही शिकागोच्या खिशात

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या कॅरोलिना पँथर्स संघाच्या 2023च्या हंगामाचा विषय निघाला की डोकं फिरतं. 17 सामने, 2 विजय, 15 पराभव. नुसत्या हरण्याचा हा राग नाही. याच संघाने 2001 साली पहिला सामना जिंकून पुढचे पंधरा ओळीने घालवले होते. पण एनएफएलमध्ये हरणाऱ्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अगोदर निवड मिळते. 2002ला पँथर्सना दुसरा क्रमांक मिळाला, त्यांनी ज्युलियस पेपर्सला घेतलं आणि 2003च्या हंगामात संघ थेट सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, पोहोचला. माती खाल्ली तर निदान पुढचं पीक आपलं, एवढा दिलासा या लीगमध्ये शेवटच्या संघालाही असतो. 2023मध्ये पँथर्सच्या मालकाने आणि व्यवस्थापनाने तो दिलासाही हंगाम सुरू होण्याआधीच विकून टाकला होता.

मार्च 2023. ड्राफ्टमधला पहिला क्रमांक शिकागो बेअर्सकडे होता आणि तो पँथर्सना हवा होता. त्यासाठी काय दिलं ते नीट बघा. त्या वर्षीची 9 क्रमांकाची निवड, त्या वर्षीचीच 61 क्रमांकाची निवड, 2024ची पहिल्या फेरीतली निवड, 2025ची दुसऱ्या फेरीतली निवड आणि वर डीजे मूर. मूर म्हणजे संघातला एकमेव खरा पहिल्या दर्जाचा रिसीव्हर. नव्याकोऱ्या क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे पास टाकणाऱ्या सूत्रधारासाठी, तुम्ही त्याचा चेंडू झेलणारा माणूसच विकता? याला नियोजन म्हणायचं? क्वार्टरबॅक आणायचा तर त्याच्यासमोर बचाव रोखणाऱ्या खेळाडूंची भिंत लागते आणि पुढे सुटा धावणारा माणूस लागतो. इथे माणूस देऊन टाकला आणि भिंतीला चिरे पडलेलेच होते.

त्या 61 क्रमांकाच्या निवडीचा हिशेब तर आणखी संताप आणणारा आहे. ती आली होती ख्रिश्चन मॅकॅफ्री या चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या बदल्यात. ऑक्टोबर 2022मध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोला धाडलं तेव्हा 2023च्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतल्या निवडी मिळाल्या, शिवाय 2024ची पाचव्या फेरीतली एक. दुसऱ्या फेरीतली शिकागोला गेली. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतल्या दोन्ही एकत्र करून पिट्सबर्गला दिल्या आणि 80व्या क्रमांकावर डीजे जॉन्सन हा पास रशर, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू, घेतला. पहिल्या वर्षी त्याच्या नावावर एकही सॅक, म्हणजे पास सुटण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं, नाही. आणि मॅकॅफ्री? 2023मध्ये 1,459 यार्ड धावून लीगमध्ये पहिला, एकूण 21 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं), आक्रमणातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. अख्ख्या लीगने पुनर्बांधणीच्या नावाखाली केलेला इतका तोट्याचा व्यवहार क्वचितच पाहिला असेल.

आता त्या पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या क्वार्टरबॅककडे, ब्राइस यंगकडे येऊ. अलाबामा विद्यापीठाचा, 5 फूट 10 इंच, 204 पौंड, म्हणजे साधारण साडेब्याण्णव किलो. पोरगं हुशार, डोकं थंड, हात अचूक. त्याच्या उंचीवरून त्याला शिव्या घालणाऱ्यांना फुटबॉल कळत नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. उंची आधीपासून सगळ्यांना ठाऊक होती. प्रश्न असा होता की ही उंची लक्षात घेऊन संघाने कोणती तयारी केली. उत्तर : जवळपास काहीच नाही.

उंच क्वार्टरबॅकला कडेने येणारा दबाव जास्त छळतो. कडेचा रशर गोल वळसा घालून येतो, क्वार्टरबॅक एक-दोन पावलं पुढे सरकतो, रशर मागून निघून जातो आणि चेंडू सुटतो. हे पुढे सरकणं शक्य व्हायचं असेल तर भिंतीतले मधले तिघे, म्हणजे डावा गार्ड, सेंटर आणि उजवा गार्ड, जागेवर टिकले पाहिजेत. ते मागे ढकलले गेले की पॉकेट, म्हणजे क्वार्टरबॅकभोवतीची सुरक्षित जागा, मधूनच कोसळतं. पुढे पाऊल टाकायला जागा नाही, समोर साडेसहा फुटी माणसांचे हात, आणि बुटक्या क्वार्टरबॅकला मैदानाचा मधला भाग दिसेनासा होतो. मग तो मागे किंवा बाजूला पळतो, पाय जुळत नाहीत, पास उंच जातो किंवा सॅक पडतो. म्हणून यंगसाठी सगळ्यात महत्त्वाच्या जागा दोन्ही गार्डच्या होत्या. भिंतीच्या कडेला उभ्या राहणाऱ्या टॅकलच्याही आधी.

पँथर्सच्या गार्डची अवस्था काय होती? उजवा गार्ड ऑस्टिन कॉर्बेटचा गुडघा 2022च्या अखेरच्या सामन्यात फाटलेला. म्हणजे हंगामाची सुरुवात तो खेळणार नाही हे जानेवारीतच माहीत होतं. डावा गार्ड ब्रेडी क्रिस्टेन्सन पहिल्याच सामन्यात दंडाचा स्नायू फाटून हंगामाबाहेर. कॉर्बेट ऑक्टोबरअखेर परतला आणि काही आठवड्यांतच पुन्हा गुडघा धरून बसला. त्या जागांवर चौथ्या फेरीतला नवखा चँडलर झवाला आणि हाताला लागेल तो माणूस. दर दोन-तीन आठवड्यांनी जोडी बदलायची. ओळीतले पाच जण एकमेकांच्या श्वासावर खेळतात. समोरचे दोघे जागा बदलून आत घुसले की कोणी कोणाला सोडायचं आणि कोणी कोणाला धरायचं, हे बोलण्याइतका वेळही नसतो, ते सवयीनं होतं. रोज नवा शेजारी असेल तर सवय लागणार कधी? दुखापती कुणाच्या हातात नसतात, मान्य. पण गार्ड जायबंदी आहे हे ठाऊक असताना त्याच्यामागे दमदार पर्याय न ठेवणं हे माणसाच्या हातातलं होतं.

परिणाम बघा. 16 सामन्यांत यंगला 62 वेळा सॅक. मिनेसोटाविरुद्ध हॅरिसन स्मिथ या सेफ्टीने, म्हणजे एरवी सगळ्यात मागे उभ्या राहणाऱ्या बचावपटूने, एकाच सामन्यात तीन सॅक काढले. सेफ्टी तीन-तीनदा मोकळा आत शिरतो याचा अर्थ ब्लिट्झ, म्हणजे जादा बचावपटूंची चढाई, कुणी ओळखतच नाही : सेंटरने संरक्षणाची दिशा चुकीची सांगितली, नाहीतर रनिंग बॅकने माणूस सोडला, नाहीतर रिसीव्हरने आपला मार्ग आखूड केला नाही. त्यातल्याच एका सॅकमध्ये चेंडू निसटला आणि डीजे वॉनमने तो 51 यार्ड पळवून टचडाउन केला. पँथर्स तोवर पुढे होते. हरले 21-13.

झेलणाऱ्यांचीही तीच कथा. 33 वर्षांच्या अॅडम थीलनने 103 झेल घेऊन 1,014 यार्ड काढले, त्याला मनापासून सलाम. पण तो आता खोल धावून बचाव फाडणारा रिसीव्हर राहिलेला नव्हता. दुसऱ्या फेरीतल्या जोनाथन मिंगोने 43 झेल घेतले, टचडाउन शून्य. ईगल्ससाठी आदल्या वर्षी 1,269 यार्ड धावलेल्या माइल्स सँडर्सला चार वर्षांसाठी अडीच कोटी डॉलरचा करार देऊन आणलं, तो 432 यार्डांवर थांबला आणि त्याची जागा चूबा हबर्डने घेतली. खोल धावणारं कुणी नसलं की बचावाच्या सेफ्टी पुढे येऊन उभ्या राहतात, आखूड पासवर टपून बसतात. इंडियानापोलिसच्या केनी मूरने एकाच सामन्यात दोन पास पकडून दोन्ही टचडाउनला नेले, ते असंच. तिकडे शिकागोत डीजे मूर 1,364 यार्ड काढत होता.

आणि प्रशिक्षण? मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइखने पहिले सहा सामने स्वतः चाली सांगितल्या. सहाही हरल्यावर त्या सहाय्यक थॉमस ब्राउनकडे दिल्या. तीन सामन्यांनी परत स्वतःकडे घेतल्या. 27 नोव्हेंबरला राइखलाच काढलं, चाली पुन्हा ब्राउनकडे. एका नवख्या क्वार्टरबॅकच्या कानात अर्ध्या हंगामात इतक्यांदा आवाज बदलला! चाल सांगणाऱ्याचा आवाज हेल्मेटमधल्या रेडिओवर येतो आणि घड्याळात 15 सेकंद उरले की तो बंद होतो. तेवढ्यात मांडणी, संरक्षण, प्रत्येकाचा मार्ग हे सगळं ऐकून दहा जणांना सांगायचं, मग समोरचा बचाव वाचायचा. सांगणारा बदलला की क्रम बदलतो, आवडत्या चाली बदलतात, आठवडाभराच्या सरावाचा सूर बदलतो. हा छळ त्या पोराच्या वाट्याला का?

9 नोव्हेंबरचा शिकागोतला सामना तर विसरता येत नाही. पँथर्सची पुढची पहिली निवड ज्यांच्याकडे, त्यांच्याशीच गाठ. म्हणजे हरलात तर त्यांची चांदी दुहेरी. पँथर्सचा एकमेव टचडाउन आला तो पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथाडून दिलेला चेंडू, परतवून, आक्रमणाकडून एकही नाही. शेवटी 59 यार्डांवरून किक मारून फिल्ड गोलचा प्रयत्न, चेंडू अलीकडेच पडला. 16-13. जिंकलेले दोन सामनेही बघा, ह्यूस्टनविरुद्ध 15-13 आणि अटलांटाविरुद्ध 9-7, दोन्ही एडी पिनेरोच्या शेवटच्या क्षणाच्या किकवर. ग्रीन बेविरुद्ध मात्र यंगने 312 यार्ड टाकून दाखवलं की थोडा वेळ मिळाला तर तो काय करू शकतो. 33-30 असे मागे असताना शेवटचा पास झेलला गेला, सगळे धावत पुढे आले, पण घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटायच्या आत वेळ संपली. त्यानंतरच्या दोन सामन्यांत गुण किती? शून्य आणि शून्य. जॅक्सनव्हिलकडून 26-0, टँपाकडून 9-0.

जॅक्सनव्हिलच्या त्याच सामन्यात मालक डेव्हिड टेपर यांनी आपल्या कक्षातून एका प्रेक्षकाच्या अंगावर पेय फेकलं. लीगने तीन लाख डॉलर दंड केला. 2018मध्ये संघ विकत घेतल्यापासून 2023पर्यंत एकही हंगाम विजयाच्या बाजूने संपला नाही, आणि हात उगारायचा तो प्रेक्षकावर! उंटावरून शेळ्या हाकण्याची ही वृत्तीच संघाच्या मुळावर आली. 2022मध्ये 1-4 अशा अवस्थेत स्टीव्ह विल्क्सने प्रशिक्षक म्हणून संघ हाती घेतला आणि उरलेल्या बारापैकी सहा जिंकले. तेही मॅकॅफ्री गेलेला असताना. खेळाडूंना तो हवा होता. त्याला डावलून राइखला आणलं आणि अकरा सामन्यांत घालवलं. विल्क्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला, त्या हंगामाअखेर तो आणि मॅकॅफ्री दोघेही सुपर बोलमध्ये होते.

शार्लटमध्ये या संघाचं मैदान लोकांनी सीट लायसन्स, म्हणजे खुर्चीवरचा हक्क, विकत घेतली म्हणून उभं राहिलं. ते लायसन्स टिकवायचं तर दर वर्षी पूर्ण हंगामाची तिकिटं घ्यावीच लागतात. बँका आणि आयटीच्या नोकऱ्यांमुळे तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही निळा जर्सी घालून वाढली आहेत. या सगळ्यांनी काय बघितलं? 17 सामन्यांत 236 गुण, सरासरी चौदाच्याही आत.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही की उपाय माहीत होता. मार्च 2024मध्ये याच संघाने रॉबर्ट हंटला पाच वर्षांसाठी दहा कोटी आणि डेमियन लुईसला चार वर्षांसाठी 5.3 कोटी डॉलर दिले. दोघेही गार्ड. पुढच्या हंगामात यंगचे सॅक 62वरून 29वर आले, 14 सामन्यांत. एक वर्ष आधी हे सुचलं असतं तर? पण तोवर, पँथर्स शेवटचे आल्याने पहिल्या क्रमांकाची ठरलेली 2024ची निवड शिकागोने केलेब विल्यम्सवर वापरली होती. सौद्याचा शेवटचा हप्ता एप्रिल 2025मध्ये फेडला गेला, दुसऱ्या फेरीतली 39 क्रमांकाची निवड. त्यावर शिकागोने ल्यूथर बर्डनला घेतलं. तो रिसीव्हर आहे.