हक्कसोड आणि वारसदार : ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

‘हक्कसोड’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. मध्ये सत्र परीक्षा आली, त्यामुळे उत्तर लांबलं. प्रतिक्रियेच्या चौकटीत लिहायला घेतलं होतं, ते तिथे मावेना, म्हणून वेगळं टाकतोय. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी सांगतो : आजोबा गेल्यावर माझ्या धाकट्या आत्यानं वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा बाबा आणि काकांच्या नावे सोडून दिला. त्या दिवशीची दुय्यम निबंधक कार्यालयातली दुपार आणि नंतर घरी झालेलं पुरणपोळीचं जेवण, एवढाच त्या लेखाचा ऐवज.

तुम्ही लिहिलंय, की मीही अशीच सही केली आहे, माझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती, आज मी भावाच्या घरी ताठ मानेनं जाते, आणि तुझ्यासारखी पोरं आम्हाला बिचाऱ्या ठरवून टाळ्या मिळवतात. हा लेख आहे की गोष्ट ते एकदा ठरव, असंही म्हणालात. अंगठ्याचा प्रसंग तुम्हाला सिनेमातला वाटला. घरातलं घरात ठेवावं आणि आधी शिक्षण पुरं करावं, हा सल्ला दिलात. आणि सर्वात शेवटी एक प्रश्न विचारलात. बाकी कुणालाच तो सुचला नव्हता. त्याला उत्तर देणार आहे, पण शेवटी.

अंगठ्याचं आधी घेतो. आत्याला सही येते. तिचं अक्षर बाबांपेक्षा कितीतरी वळणदार आहे. पण दस्त नोंदवताना सहीसोबत यंत्रावर अंगठाही द्यावा लागतो आणि समोरच्या छोट्या कॅमेऱ्यात फोटो काढला जातो, हे तुम्हाला माहीत असेलच. आत्याचा अंगठा उमटेना. ऑपरेटर म्हणाला, ‘‘मावशी, पदराला पुसा आणि जरा दाबून ठेवा.’’ तिनं पुसला, दाबला, तरी नाही. मग त्यानं स्वतःच तिचा अंगठा धरून काचेवर टेकवला, तेव्हा कुठे उमटला. मी मागे आधार कार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन उभा होतो. यात सिनेमाचं काय आहे? महिन्याच्या सुरुवातीला कुठल्याही रेशन दुकानात जाऊन उभ्या राहा. भांगलण करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांचे अंगठे ते यंत्र कितीदा नाकारतं, ते दिसेल. सिनेमा असता तर मागे सनई वाजली असती. माझ्या लेखात त्यानंतर ऑपरेटरनं पुढचं टोकन पुकारलं आणि आम्ही बाकावरून उठलो, एवढंच आहे. एकही उपमा मी तिथे जोडलेली नाही. मोह झाला होता, हे खरं.

आता लेख की गोष्ट. आमच्या वर्गात याला क्रिएटिव्ह नॉनफिक्शन म्हणतात. मराठीत ललित गद्य म्हणा, आत्मकथन म्हणा, आपल्याला ते नवं नाही. प्रसंग घडलेला असला पाहिजे आणि तो कुणी पाहिला, कुणी ऐकला हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, इतकं पथ्य मी पाळतो. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, काय जवळून दाखवायचं, हे माझ्याकडे. आदल्या रात्री स्वयंपाकघरात आजी आणि आत्यामध्ये जे बोलणं झालं, तिथे मी नव्हतो. म्हणून तिथे ‘आई सांगते’ असं लिहिलंय. आत्याला तेच बोलणं जरा वेगळं आठवतं. आईच्या आठवणीत आजी म्हणाली, ‘‘भावांशी वाकडं घेऊ नकोस.’’ आत्याच्या आठवणीत आजी काहीच बोलली नाही, नुसती पुरण वाटत राहिली. लेखात दोन्ही ठेवलंय. त्यातलं खरं कोणतं हे ठरवणं माझं काम नाही.

‘तू तिथे नव्हतास, तर लिहिलंस कसं’ हा प्रश्न लक्ष्मीबाई टिळकांना विचारून बघा. त्यांच्या आईच्या वडिलांना सत्तावन्नच्या बंडानंतर फाशी झाली आणि त्या धक्क्यानं लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या आहारी गेले. फाशीची ही हकीकत लक्ष्मीबाईंच्या जन्माआधीची. घरात ऐकलेली, घराच्या बोलण्यात मुरलेली. ‘स्मृतिचित्रे’त ती आली म्हणून त्याला कुणी कादंबरी म्हणत नाही.

आणि आत्याच्या तोंडात शब्द कुणी घातले म्हणाल, तर ते त्या दस्तानं घातले. हक्कसोड पत्र प्रथमपुरुषी असतं. ‘मी, लिहून देणार’ अशी त्याची भाषा. मी राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, विनामोबदला माझा हक्क सोडत आहे, यापुढे मी किंवा माझे वारस यावर कसलीही तक्रार करणार नाही. हे ‘मी’ आत्याचं, पण मजकूर बाँड रायटरच्या संगणकात आधीच तयार होता. त्यात फक्त नावं, वय आणि गट नंबर भरायचे होते. आत्या पहिलं पान वाचत होती, तेवढ्यात तो म्हणाला, ‘‘ताई, नेहमीचंच आहे,’’ आणि त्यानं सहीचं पान पुढे केलं. तो काही वाईट माणूस नव्हे, दिवसभरात असे पाच-सात दस्त करत असेल. पण सरकारदरबारी आत्याच्या मनाची कायमची नोंद म्हणून तोच कागद राहणार. त्या ‘मी’बद्दल, हे ललित आहे की खरं, असं कुणी विचारलं नाही. मी त्याच्या शेजारी आणखी एक कागद ठेवला, इतकंच.

तुमच्या राजीखुशीबद्दल मला शंका नाही. तुम्ही सांगताय ना, मग तसंच असणार. ‘बिचारी’ हा शब्द माझ्या लेखात एकदाही आलेला नाही, शोधून पाहा. माझा प्रश्न सही करणारीला नव्हता. ज्यांच्या नावे सही झाली, त्यांना होता. म्हणजे आम्हाला. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं तोही भेद काढला, आणि त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. कायदा जन्मापासून हिस्सा देतो, घर तो एका दुपारी परत घेतं. आमच्याकडे घाई का झाली, तेही लेखात आहे. पीककर्जाचं नवं प्रकरण करायचं होतं, आणि सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्यांच्या सह्या बँक मागते. आत्याचं नाव वारस म्हणून चढलं आणि पुढच्याच फेरफारानं कमी झालं. वैर नव्हतं, भांडण नव्हतं. सोय होती.

भावाबहिणीचं नातं टिकावं म्हणून बहिणींनी जमीन सोडली, हे आपण सगळेच ऐकत आलोय. नातं टिकावं म्हणून एखाद्या भावानं सोडलेली मी तरी पाहिली नाही. तुम्ही पाहिली असेल तर जरूर कळवा, त्या माणसावर मला लिहायचंय. भाऊबीजेची साडी आणि दिवाळीचे चार दिवस यांची किंमत जर बागायती एकरांत मोजली जात असेल, तर तो व्यवहार आहे. व्यवहार असायलाही माझी हरकत नाही. पण मग दस्तात ‘विनामोबदला’ कशाला लिहायचं?

‘म्हातारपणी आईबापांना भाऊच बघतात’ हा तुमचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण तो आमच्या घरात जसाच्या तसा बोलला जातो. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलगा आणि मुलगी असा फरक करत नाही, सांभाळायची जबाबदारी दोघांवरही टाकतो. पण कायदा राहू द्या. आजोबांचं शेवटचं दीड वर्ष अंथरुणात गेलं. त्यांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, रात्री दोनला उठून चादर बदलायची, हे आईनं केलं. बाबा औषधं आणायचे आणि डॉक्टरांशी बोलायचे. गावात मात्र ‘पोरानं बापाचं केलं’ असं झालं, आणि जमिनीवरचा हक्कही त्याच हिशेबात पक्का झाला. आईचं नाव इथल्या सातबाऱ्यावर नाही. तिच्या माहेरच्या सातबाऱ्यावरूनही ते गेलंय, कारण तिनंही मामांच्या नावे सही केलेली आहे. राजीखुशीनेच. दोन्हीकडच्या रानात तिनं भांगललंय.

लग्नाचा खर्च हाच मुलीचा हिस्सा, असंही तुम्ही सुचवलंत. काकांच्या लग्नात अख्खा गाव जेवला होता, माझ्या शिक्षणालाही ऊस विकूनच पैसे लागतायत. ते कुणी आमच्या हिश्शातून वजा केले नाहीत. यावर जास्त लिहीत बसत नाही.

घरातलं घरात ठेवण्याविषयी. लेख टाकण्याआधी मी आत्याला फोनवर सगळा वाचून दाखवला. तिनं एक प्रसंग काढायला लावला. काढला. तो काय होता, हे विचारू नका. काही वाचकांनी लिहिलं, की लेख एका जागी गुळमुळीत वाटतो. तीच ती जागा, आणि ती तशीच राहणार. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळत लिहायच्या आणि लिहिलेलं नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. ‘जिणं आमुचं’मध्ये त्यांनी समाजाचं दुःख सांगितलं, पण स्वतःच्या संसारातली मारहाण बाहेर ठेवली. ती पुढे मुलाखतीत बोलून दाखवली. काय सांगायचं आणि काय गाळायचं, हा अधिकार जिचं आयुष्य तिचा. मी पुतण्या आहे, मालक नाही. बाबांनाही लेख वाचायला दिला होता. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, ‘‘गट नंबर कशाला छापतोस?’’ तोही काढला. बाकी शब्दाला त्यांनी हात लावला नाही. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचा मी अजून तरी टाळलाय.

‘विद्यार्थ्यानं आधी शिकावं’ हे मात्र पटलं नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’नं मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापला. लिहिणारी मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकत होती, वय चौदाच्या आसपास. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पाऊस अंगावर घ्यावा लागतो, हे तिनं त्यात लिहून ठेवलं. शिक्षण संपायची वाट पाहिली असती, तर ते कोण लिहिणार होतं? माझी तिच्याशी बरोबरी नाही, आणि तशी करणं वेडेपणाच ठरेल. तिनं सोसलेलं लिहिलं. मी मिळालेलं लिहितोय. आत्यावर अन्याय झाला का, हे आत्या सांगेल, तिला वाटलं तर. एक मुलगा काहीही न करता वारसदार कसा होतो, त्यासाठी घरातल्या किती बायकांना कुठे कुठे सह्या कराव्या लागतात, हे सांगायला मात्र मी अगदी योग्य जागी उभा आहे. स्त्रीवाद म्हटला की पोरं म्हणतात, तो बायकांचा विषय. सातबारा उघडून बघा म्हणावं, नाव कुणाचं आहे.

म्हणूनच तुमचा शेवटचा प्रश्न मला लागला. तुम्ही विचारलंत, ‘‘एवढं लिहितोस, तर उद्या तुझ्या सख्ख्या बहिणीच्या वेळी काय करशील? तेव्हा तूच झेरॉक्स काढून आणशील.’’

नाही आणणार, हे सांगणं आज फार स्वस्त आहे, कारण बाबा धडधाकट आहेत आणि माझ्या खिशातून काही जात नाही. म्हणून गेल्या सुट्टीत जेवताना विषय काढला. बाबा म्हणाले, तिचं लग्न होऊ दे, मग बघू. आई काही बोलली नाही, पण ताटावरून उठलीही नाही, एरवी असा विषय निघाला की तिला गॅसवरचं दूध आठवतं. धाकटीनं मात्र वाढून घेत घेत सांगून टाकलं, की मला विहिरीकडचा तुकडा पाहिजे, मी तिथे ऊस लावणार नाही, रोपवाटिका टाकणार, आणि सही वगैरे माझ्याकडून कुणी मागायची नाही. कृषी पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे ती. कोणत्या बांधापासून कोणत्या बांधापर्यंत, तेही तिनं ठरवून ठेवलंय.

विहिरीकडचा तुकडा म्हणजे आमच्या रानातली सगळ्यात चांगली जमीन, ताई. पाणी आहे, वाट आहे, काळी माती आहे. तो मलाही हवाय. त्यावरून आमचं दोघांचं सध्या जोरात वाजलंय.